कोरडे पाय

मुंबईत तापाची साथ पसरली, गिरण्या ओस पडल्या आणि आम्ही गिरणीकामगार आगबोटीने रत्नागिरीला परत आलो. आगबोट खोल पाण्यात थांबायची. तिथून पडावाने, म्हणजे लहान होडीने, किनाऱ्याजवळ आणत. पुढे ऐपत असेल तो माणसाच्या खांद्यावर बसून वाळूवर उतरायचा, आमच्यासारखे बाकीचे गुडघाभर पाण्यातून चालत यायचे.

वाळूवर साथीची तपासणी होती. तपासणी कसली! शिपाई नुसते पाय बघायचा. कोरडे पाय गावात जायचे, ओले पाय झावळांच्या मांडवात कोंडले जायचे.

त्या खांद्यावरून माणसं उतरवणाऱ्याचं नाव मला कधी कळलं नाही. मान बैलासारखी, पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे पट्टे. एका शेटला उतरवून तो तिथेच थांबला, मानेवरून हात फिरवला आणि शिपायाला म्हणाला, "ह्यांना बघा जरा. आंग नुसता भाजताय. माज्या मानेला चटका बसला."

शिपायाने शेटला सलाम ठोकला आणि टांग्यापर्यंत पोचवलं. रोज ओल्या पायांनी घरी जाणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याला आमच्यात ढकललं.

थोड्याच दिवसांत शेटच्या आळीत माणसं तापाने पडू लागली. साथ गिरणीवाल्यांनीच आणली, असं गावभर झालं. आम्ही तर मांडवाबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं! मी संतापून शिव्या घालत होतो. तो माणसं उतरवणारा माझ्या शेजारीच तापाने फणफणत पडला होता. माझा हात धरून म्हणाला, "उगा कशाला वरडतोस? ताप त्येचा व्हता, पन पाय माजे भिजलेले ना!"