शेजाऱ्याचं विच हेझल

नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्प गावात आमच्या शेजारी एक डच म्हातारा राहतो. त्याच्या बागेत ऊन येत नाही. तिथं त्यानं विच हेझल नावाचं फुलझाड लावलं, पण दोन वर्षं फूल नाही. मी कुंपणावरून मराठीतच ओरडायची, "अहो, उपटा ते!" तो बोट वर करून म्हणायचा, "वख्त." मला वाटायचं, हिंदीतलं वक्त. सून हसली, "आई, डचमध्ये वख्त म्हणजे थांबा."

लॉकडाऊनमध्ये माझे गुडघे धरले आणि बागेत जाणं बंद झालं. नोव्हेंबरात एका सकाळी त्यानं कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या. पानं झडलेल्या फांद्यांवर हळदीच्या दोऱ्यांसारखी फुलं होती. तो बाजूला सरकला, मला खिडकीतून दिसावीत म्हणून.

"जिंकलात बाबा!" मी काचेतून ओरडले.