होरीतला र

माझ्या मैत्रिणीच्या बाबांना उभ्या ठाकुर्लीत कुणी शब्दात हरवलेलं नाही, आणि शब्दात म्हणजे अगदी अक्षरात. खाडीकाठचं जुनं कोळ्याचं घर; 'ड'च्या जागी 'र' त्यांच्या बोलीत पिढ्यांपासून बसलेला. तो 'र' ते कुणासाठी सोडत नसत. एकदा पेणला जायला ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत त्यांनी चौकशीच्या खिडकीवर विचारलं, "पेनची गारी कवा हाय?" आतला म्हणाला, "काका, गाडी म्हणा, मग सांगतो." हे खिडकी अडवून उभे राहिले. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा तो वैतागून म्हणाला, "गेली तुमची गारी." बाबा विजयी मुद्रेनं घरी परतले. "गारी गेली, पन तो गारी बोलला ना?"

त्यांची होरी काठावर पालथी पडून असते. कारखान्यांच्या पाण्यानं मासळी कधीच संपली, तरी दर दिवाळीला हे तिला रंग देतात. विचारलं तर म्हणतात, "मासली सुट्टीवर गेलीय." माझ्या मैत्रिणीची मुलगी, म्हणजे त्यांची नात, बोलायला शिकली ती त्या होरीवर बसून.

ती चौथीत गेली आणि मराठीच्या पुस्तकात प्रश्न आला: अशुद्ध शब्द शुद्ध करून लिहा. पहिलाच शब्द, होरी. अख्ख्या वर्गानं वळून तिच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नाही आणि बाईंनी ती कच्ची आहे असं ठरवून टाकलं. ज्यांनी होडी घडवली त्यांचा शब्द अशुद्ध आणि ज्यांनी ती चित्रात पाहिली त्यांचा शुद्ध, हा कुठला न्याय? मी पत्रक लिहून शाळेच्या दारात वाटायला निघाले. बाबांनी ते वाचून परत दिलं. "वाटशील नि तू जाशील घरा. शालंन तिला बसाचंय."

संध्याकाळी ते नातीला काठावर घेऊन आले. "चल, होरीवर बसू."

ती जागची हलली नाही. खाली बघत म्हणाली, "आजोबा, होडी म्हणा ना."

ज्यांनी एका अक्षरापायी एसटी सोडली, ते तिच्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "होडी." इतका स्वच्छ 'ड' त्यांना येत होता, हे मला तेव्हा कळलं.

हल्ली ते विचारतात, "खोपटची गाडी कधी आहे?" मी मुद्दाम म्हणते, "कुठली गारी, बाबा?" ते नातीकडे बघतात आणि पुन्हा नीट म्हणतात, "गाडी."