चष्म्याच्या डबीतल्या दहा गोळ्या

कोल्हापूर स्टेशनात डब्यांवरची ‘गोंदिया’ ही पाटी मी शाळेत असल्यापासून वाचत आले आहे. पण गोंदिया नेमकं कुठे, तिथली माणसं खातात काय, हे सांगणारा एकही कोल्हापूरकर मला आजवर भेटला नव्हता. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या, अर्धा तास खुर्चीत न बसवणाऱ्या बावन्न वर्षांच्या बाईने सव्वीस तासांच्या प्रवासाला निघणं म्हणजे शुद्ध खुळेपणा. आमच्या ह्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मी म्हटलं, घरी तरी कुठे सुखात लोळतेय?

दुखणं एक आणि गोळ्या दुसऱ्या, अशी माझी गत होती. ऑपरेशननंतर महिन्याभरासाठी दिलेल्या त्या गोळ्या अफूच्या जातीतल्या. मी त्या दोन वर्षं घेत राहिले. नव्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, एकदम सोडायच्या नाहीत, माझ्या नजरेखाली पायरीपायरीने उतरायचं. पाच महिन्यांत मी दिवसाच्या चारवरून रात्रीच्या एकीवर आले होते. ह्यांनी प्रवासासाठी पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर वार लिहिला. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की माझ्या चष्म्याच्या डबीत मखमली कापडाखाली दहा गोळ्यांचं अख्खं पाकीट होतं, जुन्या चिठ्ठीवर एका दुकानातून आणलेलं. गाडी हलली तेव्हा ते फलाटावरून हात करत होते आणि माझा हात पर्समध्ये, त्या डबीवर होता. लाज वाटली, पण हात काही काढला नाही. हे पाकीट जसंच्या तसं परत येणार की रिकामं, हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गोळी कमी केली की अंग रुसतं. जांभयांवर जांभया येतात, नाक गळतं, घाम फुटतो आणि पायांना उठून चालत सुटावंसं वाटतं. मी डब्यात येरझाऱ्या घालत होते. समोरच्या बाकावर गोंदियाच्या तांदूळ गिरणीत मुनीम असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही घडीघडी कायले उठून राहिल्या?” आमच्याकडे कुणी परक्या बाईला असं तोंडावर विचारणार नाही. कंबर, मी म्हटलं. त्यांनी मुकाट्याने आपला खालचा बर्थ मला दिला आणि स्वतःचे दुखरे गुडघे घेऊन वर चढले.

माझी मैत्रीण वनिता तिरोड्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात ग्रंथालयाच्या कोर्सला आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो. तिने बजावलं होतं, तिरोडा आधी लागतं, तिथेच उतर. पण आयुष्यभर वाचलेल्या पाटीचं शेवटचं स्टेशन मला बघायचंच होतं. बघितलं. इतर स्टेशनांसारखंच स्टेशन! चहावाला म्हणाला, “बहनजी, पहले बैठ जाइए,” म्हणजे माझा अवतार कसा झाला असेल बघा. वनिता भाड्याची गाडी करून आली ती तापलेलीच. “काऊन गं, डोकं फिरलं का तुझं?” हे तिचं स्वागत. मग तिने माझी बॅग उचलली आणि गाडीत टाकली.

तिरोड्याच्या पुढे चोरखमाऱ्याच्या तलावाखाली तिचं गाव आहे. त्या रस्त्यातले खड्डे मी कंबरेने मोजले. घरी पोचताच न्हाणीघरात गेले, कडी लावली, डबी उघडली. एका गोळीवरच्या चकचकीत कागदावर नख टेकवलं. जरा दाबलं असतं की झालं. तेवढ्यात वनिताने दारावर थाप मारली, अगं, पाणी तापलंय, कढत पाण्याने शेक. मी पाकीट पुन्हा कापडाखाली सारलं आणि रडत रडत आंघोळ केली. जेवायला चिन्नोरचा सुवासिक भात, लाखोरीची डाळ आणि तलावातले मासे होते. चव कळली, एवढंच सांगते. गोळ्यांवर असताना दोन वर्षं तीही धड कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या भरावावर, फिरून आलो. लांबवर पाणी, पलीकडे जंगलाची काळपट रेघ, थंडी अशी की शाल सोडवत नव्हती. तलावाच्या पाण्यावर इथे उन्हाळी धान घेतात, त्यामुळे माघातच रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. वनिताच्या बांधीत (बांध घातलेल्या भाताच्या खाचरात) बारा बायका ओळीने वाकल्या होत्या. वनिताने माझ्यासाठी धुऱ्यावर (बांधावर) प्लास्टिकची खुर्ची मांडली. बारा वाकलेल्या पाठी आणि समोर खुर्चीत मी, पंच म्हणून बसवल्यासारखी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वनिताने “जय भीम, पुस्तकलाबाई” म्हणून टोळीच्या म्होरक्या बाईंशी ओळख करून दिली. साठीच्या, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी विचारलं, दिवसभर वाकून कंबर दुखत नाही का हो? त्या मान वर न करता म्हणाल्या, “कंबर हाये तं दुखनच.” बाकीच्या हसल्या. मग त्यांनी सांगितलं, की जिची कंबर धरते तिला त्या घरी बसवत नाहीत, दोन दिवस परहे (भाताची रोपं) पुरवायच्या कामाला लावतात. ती उभ्या उभ्या पेंड्या टाकते, मजुरी सगळ्यांसारखीच. आज ती पाळी कुणाची, असं मी विचारलं. आज कुणाचीच नाही, म्हणाल्या, कारण आज सगळ्यांचीच दुखते आहे.

दुपारी डबे सुटले. मी चष्मा काढायला डबी उघडली आणि कापडासकट पाकीट चिखलात पडलं. पुस्तकलाबाईंनी उचललं, लुगड्याला पुसलं, उलटसुलट करून पाहिलं. कशाची गोळी, असं विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, कंबरेची.

“मंग एक दे नं मले,” त्या म्हणाल्या. “दुकानातली लाल गोली घेतो मी, पन आता तिचा काही असर नाही होऊन राहिला.”

मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण सगळ्यांचे घास थांबले. वनिताचा चेहरा पडला. तिच्या शेतात राबणाऱ्या बाईला तिची पाहुणी एक गोळी नाकारत होती. पुस्तकलाबाईंनी पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “दहा हायेत तुझ्यापाशी. एकीनं काय कमी पडून जाईल?”

मग मात्र मला सांगावंच लागलं. तोवर मी हे सगळं कुणालाही सांगितलं नव्हतं. ही गोळी आधी दुखणं झाकते आणि मग माणसालाच धरून ठेवते, ती मागायची मला कशी सवय लागली, दोन वर्षं मी कशी गुंगीत काढली, आणि हे पाकीट नवऱ्यापासून, डॉक्टरांपासून, या वनितापासूनही कसं चोरून आणलं, सगळं त्या धुऱ्यावर बसून सांगितलं. म्हणून तुम्हाला देत नाही, म्हटलं, कंजूस म्हणून नाही.

पुस्तकलाबाईंनी भाताचा घास पुरा केला. “मले देत नाहीस, बरोबर हाये,” त्या म्हणाल्या. “मंग तू कायले घेऊन फिरून राहिली?”

मी पाकीट मांडीवरून उचलून डबीत ठेवलं. वनिता सरकून माझ्या खुर्चीला टेकून बसली.

जेवणं आटोपली तशी पुस्तकलाबाईंनी मला खुर्चीतून उठवलं. चल, म्हणाल्या, आज तुझी पाळी. बसल्यापेक्षा मला उभं राहणंच सोसतं, हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. वनिता पेंड्या उचलून माझ्या हातात द्यायची आणि मी धुऱ्यावरून बायकांच्या पायांपाशी टाकायची. पहिल्या चार भलतीकडेच पडल्या, एक तर पुस्तकलाबाईंच्या पाठीवर. त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. अर्धा तास मी उभी होते. दुखत होतंच. पण तेव्हा एक पाहिलं. रोवणारी बाई मागे मागे सरकत जाते, त्यामुळे किती उरलंय ते तिच्या पाठीशी राहतं आणि डोळ्यांसमोर रोवलेलंच येतं. मी पाच महिने उलट उभी होते, उरलेल्या गोळ्यांकडे तोंड करून.

निघताना वनिताने विचारलं, पाकीट माझ्याकडे ठेवू? मी नको म्हटलं. ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्याच हातात द्यायचं होतं. परतीला तिरोड्यालाच गाडीत बसले, शहाणपण शिकले म्हणा हवं तर. सव्वीस तासांत डबी कितीदा उघडली ते विचारू नका.

कोल्हापूरच्या फलाटावर हे उभे होते. बॅग घ्यायच्या आधीच मी डबी उघडून पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, दहा आहेत, एकीवर नखाची खूण आहे, पण आतली गोळी शाबूत आहे. ते पाकिटावरचा दुकानाचा शिक्का बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि तसंच एक पाकीट बाहेर काढलं.

“तू उतरताना कोसळलीस तर काय करू, म्हणून आणलं,” ते म्हणाले. “त्याच दुकानातून.”

गर्दी वाट काढत जात होती आणि आम्ही दोघं, एकेक पाकीट हातात घेऊन, उभे. आधी मी हसले, मग त्यांचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटं डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

परवा वनिताच्या फोनवरून पुस्तकलाबाई बोलल्या. किती राहिली गोली, म्हणून विचारलं. अर्धी, मी म्हटलं, तीही रात्रीच. लाल गोळीचं काय झालं, हे मीही विचारलं. वनिताने त्यांना तिरोड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

“आन् कंबर?” त्यांनी विचारलं.

“दुखते.”

“माझीबी दुखून राहिली,” त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ आम्ही भाताविषयी बोललो.