भावजींचा सी-ओ-एनचा कागद

आज जप झाल्यावर वही उघडली ती भावजींबद्दल लिहायला. कुणाबद्दल वाईट लिहू नये हे मला कळतं. पण खोटं लिहू नये हे त्याहून जास्त कळतं.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. वय एकसष्ट, लग्न केलं नाही, राहायला आमच्याच पुढच्या खोलीत. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं होतं, ते जमलं नाही. टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले, तिथे मालकाच्याच इंग्रजीला नावं ठेवली आणि बाहेर पडले. मग तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका भावजींनी काढायच्या, पुस्तकावर नाव दुसऱ्याचं. त्यानेच जीभ कडू झाली असावी. शेजारच्या बाईंचा नवरा गेला तेव्हा त्याच्या कचेरीतून इंग्रजीत सांत्वनाचं पत्र आलं. बाई ते वाचून घ्यायला आल्या, तर भावजींनी त्यातल्या तीन चुका सांगितल्या आणि पत्र परत दिलं. मजकूर मीच कसाबसा सांगितला. आळीतली पोरं त्यांना ‘डिक्शनरी’ म्हणतात, तेही लांबूनच.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने त्यांना शाळकरी मुलांसाठी छोटा इंग्रजी शब्दकोश करायला सांगितला. सुरुवातीची अक्षरं सारखी असली की मुलं अर्थांची सरमिसळ करतात, म्हणून तसे गट वेगळे काढून अर्थ द्यायचे. नमुन्याला सी-ओ-एनचा गट दिला. तो पसंत पडला तर अख्खा कोश भावजींचा आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव. कधी नव्हे ते माणूस आरशासमोर भांग पाडायला लागला.

त्यांची लिहायची तऱ्हा वेगळीच. आधी डावीकडे सगळे इंग्रजी शब्द एकाखाली एक. दुसऱ्या दिवशी त्या रांगेवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि उजवीकडे नुसते अर्थ लिहीत जायचं. क्रम पाठ आहे, बघायला लागतो कशाला, ही ऐट.

एका मंगळवारी मी टेबल पुसत होते. पट्टी बाजूला पडलेली. कन्फर्म या शब्दापुढे लिहिलं होतं, जप्त करणे; पक्के करणे त्याच्या वरच्या ओळीत. मी शिकले दहावीपर्यंतच, पण दवाखान्यातली बाई ‘अपॉइंटमेंट कन्फर्म’ म्हणते तेव्हा काही जप्त करत नाही.

“भावजी, हे जरा बघता का? अर्थ एक घर वर सरकलेत.”

“वहिनी, तुम्ही पोथी वाचता तेव्हा मी मध्ये बोलतो?”

“अहो, पण कन्फर्म म्हणजे—”

“फडकं घ्या आणि आत जा. माझे शब्द पुसले जातील.”

मी आत गेले. दुपारी जेवताना पुन्हा सांगितलं. त्यांनी ताट अर्धं टाकलं, पट्टीसुद्धा उचलली नाही आणि कागद पाकिटात घालून संध्याकाळी पाठवूनही दिला.

आठ दिवसांनी प्रकाशकांकडचे संपादक स्वतः घरी आले. शांत माणूस, चपला नीट कडेला काढून बसला. खिशातून कागद काढून वाचायला लागला.

“कन्फाइड म्हणजे कोंडून ठेवणे. कन्फाइन म्हणजे पक्के करणे. कॉन्टेंप्ट म्हणजे समाधानी. साहेब, मुलं हे पाठ करणार आहेत.”

झालं होतं असं, की कन्फाइडचा अर्थ, विश्वासाने मनातलं सांगणे, तेवढा लिहायचा राहिला. तिथून खालचे सगळे अर्थ एकेक घर वर चढले. पुढे कॉन्ट्रॅक्टचे दोन अर्थ, करार आणि आकसणे, दोन ओळींत लिहिल्यामुळे तळाशी शब्द आणि अर्थ पुन्हा जुळले. म्हणून भावजींना शंकाही आली नाही.

भावजींनी कागद पाहिला. चेहरा राखेसारखा. मग माझ्याकडे बोट केलं. “मी चिठ्ठ्यांवरून उतरवतो. वहिनींनी साफसफाईत त्यांची चवड सांडली. घरात शहाणी माणसं असली की असं होतं.”

चिठ्ठ्या कुठल्या? त्या घरात कधी नव्हत्याच. संपादक माझ्याकडे बघायला लागले. शेजारी बसलेले हे हळूच मला म्हणाले, “हो म्हणून टाक ना. तुझं काय जातंय? त्याचं नाव यायचंय.”

“माझं जातंय,” मी म्हटलं. “चिठ्ठ्या नव्हत्या. चूक मी मंगळवारी दोनदा दाखवली, भावजींनी बघितली नाही. नाव त्यांचं छापायचं म्हणून माझं काळं करायचं?”

संपादक उठले. “चूक कुणाचीही होते हो,” ते भावजींना म्हणाले, “पण ती दाखवल्यावर न बघणाऱ्याच्या हातात मी कोश कसा देऊ?”

दार लागल्यावर भावजी ओरडले, “तीस वर्षं! तीस वर्षांनी एक नाव येत होतं, आणि तुम्ही देवाचं नाव घेता!”

“त्याचं घेते म्हणूनच खोटं बोलता आलं नाही,” मी म्हटलं.

“घाला मग तुमचं खरं चुलीत!”

हेही माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आज कोश छापून आला. पहिल्या पानावर कुण्या बाईंचं नाव आहे. भावजींनी ते उभ्यानेच वाचलं आणि यांना म्हणाले, “तुझ्या बायकोला विचार, आता झोप लागेल का.”

मला लागेल. त्यांचं मला वाईट वाटतं, तेही खरं. पण पुन्हा कुणी विचारलं, तर मी तेच सांगेन.