टेबलफॅनचं तोंड

कॉम्प्युटर तापतो म्हणून ह्यांनी त्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलंय आणि आमच्या एवढ्याशा घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या पोटाशी लावलाय. पोळ्या करता करता घामाघूम होऊन मी घटकाभर त्या पंख्यासमोर बसले, तर हे म्हणाले, “अगं, सरक ना, वारा अडतोय. तापला की बंद पडतो तो.”

स्वयंपाकघरात पंखा नाही, कारण वाऱ्याने गॅस विझतो. इतकी वर्षं मला ते पटतही होतं. पण या घरात वारा मिळायला आधी बंद पडावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

मी उठून गॅस बंद केला, परत आले आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“अगं, पोळ्या?”

म्हटलं, “मी बंद पडलेय.”