परतून आलेला बॉल

माझे सासरे, मामाजी, माझ्याशी आयुष्यात एकदाच थेट बोलले. भांडण नव्हतं. सासऱ्याने सुनेशी बोलायचं नाही, ही आमच्या तुमसरच्या घरची रीत. मी समोर उभी राहून वाढत असले तरी ते सासूबाईंकडे पाहून म्हणायचे, "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय." सासूबाईंनी सांगायच्या आत मी मीठ आणून ठेवायची.

असे हे मामाजी टेबल टेनिसमध्ये माझे डबल्सचे पार्टनर होते. त्यांचा जुना जोडीदार मुलाकडे नागपूरला राहायला गेला आणि मी कॉलेजात खेळलेली, हे त्यांच्या कानावर आलं. "तिले विचार, खेळशीन का म्हणा." राइस मिलच्या हॉलमध्ये मी डोक्यावरची ओढणी कमरेला बांधायची. ते आपल्याला दिसलंच नाही, असं मामाजी धरून चालायचे.

सर्व्हिस त्यांची असली की टेबलाखाली खूण व्हायची. करंगळी म्हणजे आखूड, अंगठा म्हणजे लांब. मी मान डोलावली तरच बॉल उडायचा, नाहीतर खूण बदलायची. एका सामन्यात मी नाहीच म्हणत राहिले. पंच वैतागले, "काकाजी, टाका ना!"

"सर्व्हिस माझी हाय, पण परतून आलेला बॉल तिले माराचा हाय," मामाजी म्हणाले. "तिले न विचारता कसा टाकू?"

तो सामना आम्ही हरलो. माझी चूक नव्हती, हे घरी आल्यावर मला सासूबाईंमार्फत कळवण्यात आलं.

मग मला पवनीच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी मिळाली. तिथेच राहावं लागणार होतं. घरात बैठक बसली. नवऱ्याला काळजी जेवणाची, दिराला लोकांची, सासूबाईंना गुडघ्यांची. मी चहाचा ट्रे धरून दाराशी उभी. मला जायचं होतं, इतकं की ट्रेमधले कप वाजत होते. मामाजींनी बशी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, तुले जायचं हाय का?"

टेबलापाशी डोलवायची तशी मी मान डोलावली.

"झालं मंग," म्हणून ते सासूबाईंकडे वळले. "तिले सांग, सामान बांधाले लाग म्हणा."

त्यानंतर दर रविवारी सासूबाईंच्या फोनमध्ये मागून मामाजींचा आवाज यायचा, "तिले विचार, तिथं पार्टनर भेटला का." मी नाही म्हणून सांगायची. शाळेत चांगले खेळणारे दोघं होते.

गेल्या उन्हाळ्यात मामाजी गेले. माझा त्यांच्यावर वडिलांइतका जीव होता, ते सांगायचं राहिलं. परवा फोनवर सासूबाईंनी आपणहून विचारलं.

"अन् पार्टनर भेटला का वं?"

"नाही," मी म्हणाले. या वेळी ते खोटं नव्हतं.