तिचा अशक्तपणा, माझी टाळाटाळ

हळदीकुंकवाला आलेल्या बायका सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी सांडलेलं सरबत मी पुसत होते. हात थांबले. मी भिंतीला टेकले. डॉक्टर काकू हसून म्हणाल्या, "घाबरू नका, हिची ट्रीटमेंट चालू आहे." बायका हसल्या. मीही हसले आणि पुन्हा पुसायला लागले. कुंकू लावायला मला कुणी हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते.

ही गोष्ट चंदीगडची, नव्वदचं दशक संपतानाची. जालन्याहून मी सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत पीएचडीला आले होते. पावसाळ्यात व्हायरल ताप आला. ताप गेला, थकवा राहिला. आंघोळ केली तरी नंतर पडावं लागायचं. तपासण्या नॉर्मल आल्या. कुणीतरी काकूंचं नाव सुचवलं. काकू मानसोपचारतज्ज्ञ, मूळच्या पुण्याच्या. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत.

त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग आई काय करते ते. नगरपालिकेत झाडू मारते, मी सांगितलं.

"म्हणजे घरात कष्टाची सवय आहे. मग तूच कशी अशी?"

खरंच, मीच कशी अशी?

उपचार दोन होते. व्यायाम, दर आठवड्याला थोडा वाढवत न्यायचा. आणि विचार बदलायचा. 'मी थकले' असं मनात आलं की मोठ्यानं म्हणायचं, 'मी टाळते आहे.' मी म्हणायचे. हॉस्टेलच्या जिन्यात, बसस्टॉपवर. आधी व्यायाम म्हणजे चालणं होतं. थंडीत काकूंची कामवाली गावी गेली. चालण्यात हात कुठे हलतात, काकू म्हणाल्या, फरशी पुसताना सगळं अंग हलतं. फीचं बघू नको, तू आपल्याकडचीच. बादली हातात दिली म्हणून मी आभार मानले.

पुसून आले की पुढचे दोन दिवस अंथरुणात जायचे. ते काकूंना सांगायची लाज वाटायची. एसटीडी बूथवरून आईला सांगितलं. ती म्हणाली, "अंगात ताप घेऊन झाडलंय गं मी. होतं कमी." ती टोचून बोलत नव्हती. मला मात्र टोचलं.

फेब्रुवारीत काकूंच्या मुलीला तसाच ताप आला. ती कॉलेजात होती. ताप उतरून पंधरवडा झाला तरी ती पलंगावरच. उशाशी मोसंबीचा रस. मी पलंगाखाली फडकं फिरवत होते. काकू पडदा ओढत हळू आवाजात म्हणाल्या, बादली वाजवू नको, पोरीला फार अशक्तपणा आहे, उभी राहिली तरी दमते.

मुलीला मराठी कळायचं, बोलायची हिंदीत. ती म्हणाली, "मम्मा, दीदी को भी तो यही हुआ था ना?"

"तिचं वेगळं," काकू म्हणाल्या. "यांना आराम दिला की हे बसूनच राहतात."

यांना. खोलीत 'यांच्या'तली मी एकटीच होते. म्हणजे त्यात आईही आली. तापात झाडणारी.

फडकं बादलीत टाकलं. पलंगाची कड धरून उभी राहिले.

"काकू, हिचा व्यायाम कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एवढी खोली तरी पुरी कर."

केली नाही. अर्धी ओली, अर्धी कोरडी तशीच ठेवून निघाले. फाटकाबाहेर पाय चालेनात. फुटपाथवर बसले. टाळत नव्हते. थकले होते.

व्यायामानं कुणी बरं होत असेल. मीही चालेन. किती, ते माझे पाय सांगतील.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. म्हटलं, यापुढे ताप आला तर घरी राहायचं. मुकादम बोलेल, ती म्हणाली.

"बोलू दे. त्याच्याशी मी बोलते."

दुपारी आडवी झाले की अजून अपराधी वाटतं. वाटू दे. त्यासाठी उठायचं नाही.